निद्रादेवी रुसली तर…

(गेल्या कोजागिरीला आपल्या सोसायटीच्या गच्चीवर ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमात मी जे बोललो, ते स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

सभासद बंधू-भगिनींनो, आणि दूध आटायची वाट बघत टाकीपाशी उभ्या असलेल्या बाळगोपाळांनो,

आज कोजागिरी. ‘को जागर्ति’, कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी आज फिरते अशी आपली समजूत. ती आपल्या इमारतीवरून जात असेल, तर मधली काही वर्षं तिला माझ्या खिडकीत रोज रात्री दोन वाजता दिवा दिसला असणार. लक्ष्मी काही आत आली नाही, विजेचं बिल तेवढं वाढून आलं.

जागरणाच्या रात्री झोपेवर बोलायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपवासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. पण विषय मीच मागून घेतला. त्याला एक कारण आहे, ते मध्यावर सांगेन.

आधी एक स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. बी.कॉम. होऊन १९७४ साली बँकेत लागलो आणि छत्तीस वर्षं लोकांचे हिशेब जुळवले. आज जे सांगणार ते स्वतःच्या अनुभवातलं, माझ्या डॉक्टरांनी समजावलेलं आणि वाचनालयात बसून वाचलेलं.

आपल्या खालच्या कट्ट्यावर सकाळी पहिला प्रश्न काय असतो? “काय, झोप झाली का?” आणि उत्तर ठरलेलं. “कुठली हो, डोळ्याला डोळा नाही.” मग उपायांची खैरात. कोणी म्हणतं जायफळ घ्या, कोणी अश्वगंधा, कोणी म्हणतं उत्तरेकडे डोकं करू नका, कोणी उलटे आकडे मोजायला सांगतं. उलटे आकडे हा उपाय बँकवाल्याला कधी सांगू नका. मी शंभरापासून शून्यापर्यंत येतो आणि बरोबर आलो की नाही ते तपासायला पुन्हा वर जातो.

माझी झोप गेली ती निवृत्तीनंतर. नोकरीत असताना पहाटे पाचला उठून डोंबिवली स्टेशन गाठायचं, फोर्टातल्या शाखेत दिवसभर राबायचं आणि परत येताना लटकत यायचं. आधी बँकांचं वार्षिक क्लोजिंग डिसेंबरअखेर असे, नंतर ते मार्चअखेर आलं. क्लोजिंगच्या त्या रात्री लेजरची बेरीज जुळेपर्यंत घरी जायची सोय नसे. फरक आला आणि त्याला नऊने भाग गेला, की कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी असं समजायचं. चोपन्नच्या जागी पंचेचाळीस लिहिलेले असायचे. असे फरक शोधत पहाट व्हायची. पण दुसऱ्या रात्री उशीला डोकं टेकलं की खलास. झोप या गोष्टीचा वेगळा विचार करावा लागतो हेच ठाऊक नव्हतं.

२०१० साली निवृत्त झालो. सहा महिने मजेत गेले. सकाळी जाग आली की उठायचं, कधी सहा, कधी आठ. दुपारी जेवून दोन ते चार ताणून द्यायची. चारला चहा, सहाला कोणी आलं की त्याच्याबरोबर पुन्हा चहा. आणि रात्री टीव्हीवर काही बघण्यासारखं नाही म्हणून साडेनऊलाच अंथरुणात. मग काय, कूस बदलतोय, घड्याळ बघतोय. शेजारी आमच्या सौभाग्यवती दोन मिनिटांत घोरायला लागायच्या आणि त्या आवाजाने माझ्या झोपेचं खोबरं. (त्या समोर बसल्या आहेत. घोरत नाहीत असं त्यांचं म्हणणं आहे, त्याचीही नोंद घ्यावी.)

मग मी कट्ट्यावरचे सगळे उपाय एकेक करून केले. त्यांचं काय झालं ते सांगतो.

पहिलं, दूध. रात्री कोमट दूध, त्यात चिमूटभर जायफळ. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत आणि झोप येत नसेल त्याला अभ्यंग, स्नान, दूध-तूप, मनाला आवडणारे गंध आणि आवाज असे उपाय दिले आहेत. दुधातही म्हशीचं दूध झोपेसाठी हितकर म्हटलंय. आधुनिक मंडळी म्हणतात की दुधात ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो, शरीर त्यातूनच पुढे झोपेचं रसायन बनवतं. ते खरं, पण एका पेल्यातलं त्याचं प्रमाण इतकं थोडं की तेवढ्याने गुंगी यावी असं काही नाही. मला दुधाचा फायदा झाला तो वेगळ्या कारणाने. दूध तापवायचं, निववायचं, सावकाश प्यायचं, पेला विसळून ठेवायचा. या पंधरा मिनिटांत टीव्ही बंद असतो आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत असतो. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी उगाच नाक दाबून पिऊ नये. आणि रात्री दोनदा उठावं लागणाऱ्यांनी मोठा पेला भरून घेतला, तर तिसऱ्यांदा उठायची सोय होईल.

जायफळाबद्दल मात्र हात आवरा. चिमूट म्हणजे चिमूट. लहान बाळाच्या गुटीत आपल्या आया-आज्या सहाणेवर जायफळाचा एखादा वेढा देत, त्यामागे हिशेब होता. झोप येत नाही म्हणून कोणी एक-दोन चमचे पूड घेतली, तर ती विषासारखी चढते. मळमळ, छातीत धडधड, भ्रम, भलतंसलतं दिसणं, आणि हे सगळं काही तासांनी सुरू होतं. त्यामुळे माणूस “अजून काही वाटत नाही” म्हणून आणखी घेतो. मसाल्याच्या डब्यातलं आहे म्हणून निर्धोक, असं समजू नका.

खसखशीची खीरही करून झाली. चवीला उत्तम. पण ज्यांची मुलं दुबई-सौदीकडे आहेत त्यांनी खसखशीची पुडी सामानातून पाठवू नये. तिकडे ती बंदी असलेल्या वस्तूंत मोडते, मुलाची झोप मात्र कायमची उडेल.

अश्वगंधेला शास्त्रीय नाव आहे विथानिया सोम्निफेरा. सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी. म्हणजे नाव ठेवणाऱ्यालाही ही कीर्ती ठाऊक होती. छोट्या-छोट्या अभ्यासांत तिचा थोडा गुण दिसलाही आहे. पण आपल्या वयात थायरॉइडची गोळी असते, साखरेची असते, रक्तदाबाची असते, आणि अश्वगंधा यातल्या काहींच्या कामात लुडबूड करते. यकृताला त्रास झाल्याचीही उदाहरणं नोंदली गेली आहेत. तेव्हा घ्यायची तर आपल्या डॉक्टरांना किंवा चांगल्या वैद्यांना सगळ्या गोळ्या दाखवून. दुकानातून डबा आणला आणि चमचा बुडवला, असं नको. अमेरिकेहून मुलं मेलाटोनिनच्या गोळ्या आणतात, त्यांचंही तेच. तिथे त्या पूरक आहार म्हणून दुकानात सहज मिळतात. म्हणून तुम्हाला-मला त्या तशाच चालतील असं नाही.

आता ज्याचा मला खरोखर उपयोग झाला ते. पाय. हो, पाय! माझी आई रात्री वडिलांच्या तळपायांना काशाच्या वाटीने तूप चोळायची. मला ते निव्वळ लाड वाटायचे. पण झोप लागायच्या वेळी शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि ती उष्णता बाहेर पडते मुख्यतः हातापायांतून. तळपाय उबदार झाले, तिथल्या रक्तवाहिन्या सैलावल्या, की आतली उष्णता बाहेर जाते आणि डोळे जड होतात. म्हणूनच थंड पावलांनी झोप लागत नाही. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१९ साली या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. झोपण्याच्या एक-दोन तास आधी ४०-४२ अंशांच्या गरम पाण्याने अंघोळ केली, तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते असं त्यांना आढळलं. दहा मिनिटं ऐकायला कमी वाटतात. जो पंख्याकडे बघत पडलाय त्याला विचारा. मी अंघोळ करत नाही, बादलीत पाय सोडून बसतो. पाणी आधी हाताने बघायचं. मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी दुसऱ्याला बघायला सांगायचं, नाहीतर पाय पोळलेले कळतही नाहीत.

काशाच्या वाटीने तळवे काळे होतात, तेव्हा “बघा, सगळी उष्णता बाहेर आली” असं म्हणायची पद्धत आहे. तो काळेपणा वाटीच्या धातूचा आणि तुपाचा असतो. असू दे, चोळणाऱ्याचा हात खरा असतो. फक्त एक करा. चोळून झालं की पाय फडक्याने कोरडे पुसा आणि मगच लादीवर टेका. तेलकट तळवे, गुळगुळीत लादी आणि रात्रीची लघवीची घाई, यांचा मेळ फार वाईट.

आता ते कारण सांगतो, ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला.

२०१५ साली माझा थोरला भाऊ दवाखान्यात होता. महिनाभर मी रात्री त्याच्या उशाशी बसलो. तो घरी आला, मला मात्र झोप येईना. तेव्हा डॉक्टरांनी मला झोपेची गोळी दिली, दहा दिवसांसाठी. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं, दहा दिवस. मी ती सहा वर्षं घेतली. या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये येतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत आणि विकल्या तर दुकानदाराने नोंद ठेवायची असा नियम आहे. बँकेत आयुष्यभर “नियम म्हणजे नियम” म्हणून लोकांना परत पाठवणारा मी, ओळख काढून, जुनी चिठ्ठी पुढे करून स्ट्रिपा आणत होतो. अर्धीची एक झाली, एकाची दीड. सकाळी डोकं जड, नावं आठवेनात. आपल्या एका वार्षिक सभेत मी अहवालाचं तेच पान दोनदा वाचलं होतं. काही जण हसले होते, आठवत असेल.

इतपत माझं नुकसान होतं. पण पुढचं तसं नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात आपल्याच सोसायटीतले एक स्नेही रात्री माझ्याकडे आले. नाव सांगत नाही. ते इथे बसले आहेत आणि त्यांना विचारूनच मी हे बोलतोय. चार रात्री झोप नाही, फार कासावीस झाले होते. मी मोठ्या प्रेमाने कपाट उघडलं, स्ट्रिप काढली आणि गोळीचे सुरीने दोन तुकडे केले. “अर्धी घ्या, काही होत नाही, मी सहा वर्षं घेतोय.” सर्दीसाठी त्यांनी संध्याकाळी आधीच एक गोळी घेतली होती, तीही पेंग आणणारी. मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

रात्री अडीचला ते बाथरूमला उठले आणि उंबऱ्यापाशी कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी रुग्णवाहिका खाली उभी राहिली तेव्हा मी जिन्यात होतो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “रात्री काही गोळी घेतली होती का? कोणी दिली?” त्यांच्या पत्नीने सांगितलं, “होती घरात.” माझं नाव घेतलं नाही. आजतागायत घेतलेलं नाही. ऑपरेशन झालं, चार महिने वॉकर. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. सगळ्यांना वाटायचं, काय शेजारधर्म आहे! आणि वहिनी मला चहा द्यायच्या. तो चहा मला कसा उतरायचा ते मलाच ठाऊक.

शेवटी एके दिवशी मी त्यांच्यासमोर म्हटलं, “तुमचं हाड मी मोडलं.” ते म्हणाले, “गोळी मी मागितली होती.” यावर आम्ही पुन्हा बोललो ते थेट आज सकाळी, या भाषणाची परवानगी मागताना. ते एवढंच म्हणाले, “सांगा. अजून कोणाकोणाच्या कपाटात असतील.”

तर विचारतोय. कोणाकोणाच्या कपाटात आहेत? हात वर करू नका. पासष्टीच्या पुढच्या माणसांनी या गटातल्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात, असं वृद्धांच्या औषधांबाबतच्या अमेरिकेतल्या ‘बिअर्स’ निकषांत स्पष्ट म्हटलं आहे. पडणं, हाड मोडणं, गोंधळ उडणं ही त्याची कारणं. गोळी मुळातच वाईट असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी तपासून, मोजक्या दिवसांसाठी दिली तर ती औषध आहे. पण माझी गोळी तुमचं औषध नाही. आपण साखर उसनी देतो, विरजण देतो. ही देऊ नका.

आणि ज्यांची रोजची चालू आहे त्यांनी आज हे ऐकून उद्या एकदम बंद करू नका, हात जोडून सांगतो. एकदम तोडली तर घाबरं होणं, थरथर, क्वचित फिट येण्यापर्यंत मजल जाते. मी नव्या डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी रागावण्याऐवजी कागद घेतला आणि पाव-पाव गोळी कमी करण्याचं वेळापत्रक लिहून दिलं. बंद व्हायला सात महिने लागले. त्यातले पहिले दोन वाईट गेले. आमच्या घरचा माणूस त्या काळात माझ्यावर एकदाही चिडला नाही असं म्हणणार नाही, पण टिकून राहिला.

त्याच डॉक्टरांनी मला झोपेचा हिशेब मांडायला लावला. दोन आठवडे वहीत लिहायचं, अंथरुणात किती वाजता गेलो, झोप अंदाजे कधी लागली, उठलो कधी. हे काम माझ्या आवडीचं! निघालं काय, तर साडेनऊ ते साडेसहा असे नऊ तास मी अंथरुणात, आणि झोप जेमतेम साडेपाच तास. म्हणजे साडेतीन तास रोज मी गादीवर पडून नुसती काळजी करत होतो. ते म्हणाले, “तुमच्या शरीराला वाटतंय की गादी ही काळजी करायची जागा आहे.” उपाय ऐकून मी चाटच पडलो. झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, “उद्यापासून रात्री बारापर्यंत झोपायचं नाही. आणि काहीही झालं तरी सहाला उठायचं. दुपारी आडवं व्हायचं नाही.”

या पद्धतीला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, सीबीटी-आय म्हणतात. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली म्हटलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय हाच करावा, गोळ्या नंतर. मला मात्र ते आमच्या गावच्या शेतकऱ्यासारखं वाटलं. त्याला झोप कशी आणायची हे माहीतच नसतं. तो पहाटे उठतो, दिवसभर उन्हात असतो, आणि झोप आल्याशिवाय अंथरुणावर पडत नाही.

पहिला आठवडा भयंकर होता. बारा वाजेपर्यंत जागं कसं राहायचं? साडेदहाला पेंग यायची, मग मी खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचो. वॉचमनने दोन-तीन दिवस बघितलं आणि हळूच विचारलं, “साब, घर में सब ठीक है ना?” पण आठव्या-नवव्या दिवशी असं झालं की बाराला पडलो आणि पहाटे जाग आली तेव्हा पाच वाजले होते. मधलं काही आठवेना. मी उठून बसलो आणि बायकोला उठवून सांगितलं. तिने काय उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पुढे झोप भरत गेली तशी झोपायची वेळ दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. आता अकराला पडतो आणि साडेपाच-सहाच्या दरम्यान जागा होतो. ज्यांना फिट्स येतात, मनाच्या आजाराची औषधं चालू आहेत किंवा ज्यांना रोज गाडी चालवायची असते, त्यांनी हा झोप कापायचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

यातला सगळ्यांना जमेल असा भाग मात्र फुकट आहे. उठायची वेळ एकच ठेवा. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. रात्री तीन वाजता झोप लागली तरी सहाला उठा. आणि उठल्यावर उजेडात या. शरीरात एक घड्याळ आहे. ते कसं चालतं हे चिलटांवर अभ्यास करून शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. आपल्याला चिलटांचं एवढंच उपयोगाचं, की ते घड्याळ रोज सकाळच्या उजेडाने लावावं लागतं. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड दोन-तीनशे लक्स असतो, बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा काही हजार. म्हणजे बाल्कनीचा पडदा लावून पेपर वाचणं म्हणजे घड्याळाला किल्लीच न देणं.

वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा. बाहेर खुर्चीत बसा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा. आपल्या सोसायटीचे उपविधी चांगले आहेत. डोळे मिटायला लागले की परत जा. आणि घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. रात्री दोन वाजले हे कळून माणूस वजाबाकी करत बसतो, आता चारच तास उरले, आता साडेतीनच उरले. माझ्या बाबतीत हे घड्याळ फिरवणं जायफळापेक्षा जास्त कामाला आलं.

वामकुक्षी? पुण्याच्या पाहुण्यांची क्षमा मागून सांगतो, वीस-पंचवीस मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून. चरकांनी उन्हाळ्यात आणि म्हाताऱ्या माणसांना दिवसा झोपायची सूट दिली आहे, ती माझ्या फार आवडीची ओळ आहे. पण दोन तास झोपलात तर ती रात्रीच्या खात्यातून काढलेली उचल आहे. चहाचंही तसंच. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. चारचा चहा नऊ वाजता अर्धा शिल्लक असतो, सहाचा तर विचारूच नका. माझा शेवटचा चहा आता दोनला. रात्री “थोडीशी” घेतल्याने झोप येते म्हणणारे दोघं-तिघं आहेत. लागते लवकर, पण दोन-तीनच्या सुमाराला तीच उठवते.

आणि फरक शोधणारं डोकं? त्यासाठी संध्याकाळी सातला वही. उद्याची कामं, पैशाची काळजी, मुलाचा फोन आला नाही, सगळं लिहायचं. पुढे काय करणार ते एका ओळीत. रात्री तोच विषय आला की म्हणायचं, खतावणी झालेली आहे. त्यानंतर पाच मिनिटं भ्रामरी, भुंग्यासारखा गुंजारव करत सावकाश श्वास सोडायचा. आमच्या नातवाला वाटतं आजोबांचा मिक्सर चालू झाला.

काही गोष्टी घरच्या उपायांच्या नाहीत. घोरताना मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून सुरू होतो, असं तुमच्या माणसाने बघितलं असेल, तर दूध-तूप बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. पाय शिवशिवतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, त्यात कधी लोह कमी असतं. लघवीची गोळी संध्याकाळी घेत असाल तर ती सकाळी घेता येईल का, ते विचारा. आणि पहाटे तीनला जाग येऊन सगळं निरर्थक वाटत असेल, रोज, आठवडेच्या आठवडे, तर ते वय नव्हे. त्यावर उपचार आहेत. सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे, १४४१६ या नंबरावर मराठीतही बोलता येतं.

आता सेक्रेटरींनी नोंद घ्यावी. ए विंगखालची पाण्याची मोटर पहाटे साडेचारला सुरू होते, ती सहानंतर करता येईल का? पार्किंगचा नवा पांढरा दिवा तळमजल्यावरच्या तीन घरांच्या उशीवर पडतो, त्याला वरून झाकण बसवायला किती खर्च येतो ते मी विचारून ठेवलं आहे, चारशे रुपये. बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा छोटा दिवा आणि भिंतीला पकडायला दांडी, हे मात्र ज्याने त्याने आपल्या घरात करायचं. माझ्या स्नेह्यांकडे दांडी बसली आहे. माझ्याकडेही तोच माणूस बसवून गेला.

दूध तयार झाल्याची खूण झाली आहे. जायफळ मी स्वतः किसलं आहे, दोन्ही पातेल्यांना मिळून एकच, तेही पुरतं किसलं नाही. चंद्र डोक्यावर येईपर्यंत आपण सगळे जागणारच आहोत. उद्या सकाळी सहाला मी नेहमीप्रमाणे गेटपाशी असेन. माझे ते स्नेही काठी घेऊन येतात, आम्ही देवळापर्यंत जाऊन परत येतो. ज्यांना यायचं त्यांनी यावं, फक्त बेल वाजवून उठवायला मी येणार नाही.